फाटकावरचा खोपा

"अगं बाय माझे, झिलूदादा गेला आनि आमास्नी कुणी सांगितलं बी न्हाई गं!"

अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या बायजानं गळा काढला. हातातली पिशवी तिनं तिथंच सोडली. पिशवीतला नारळ गडगडत तुळशीपाशी जाऊन थांबला. बायजा ही झिलूची चुलतबहीण. कॅसलरॉकच्या पलीकडे एका वाडीत दिलेली. वर्षातून एकदा, गणपतीची चवथ झाली की माहेरच्या माणसांना भेटायला यायची.

झिलूची बायको तुळजा उन्हाला पाठ करून बसली होती. नुकतीच डोक्यावरून न्हाली होती आणि पंच्यानं डोकं पुसत होती. पुसायला होतं काय म्हणा, दोन बोटं उंचीचे केस, तेही कुठं दाट, कुठं विरळ. मागं वळून काय झालं म्हणून विचारायच्या आधीच बायजानं तिच्या गळ्याला मिठी मारली.

"कसं झालं गं? कवा झालं? आदल्या दिवशी जेवला व्हता का?"

"कोण?" तुळजा मिठीतून कशीबशी म्हणाली.

तेवढ्यात गोठ्यातून झिलू बाहेर आला. हातात दावं, अंगावर नुसतं धोतर. "कोण मेलं गं?" त्यानं विचारलं.

बायजानं त्याच्याकडे बघितलं. तिचं रडणं जिथल्या तिथं थांबलं. तोंड मात्र उघडंच राहिलं.

"दादा, तू हायस व्हय?"

"हाय तर!" तुळजा म्हणाली. "सकाळच्यालाच तीन भाकऱ्या हाणल्यात." आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. तापातून उठल्यापासून ती इतकी हसली नव्हती. हसता हसता तिला ठसका लागला.

बायजा खाली बसली आणि कपाळावर हात मारून घेऊ लागली. "काय करू गं, लांबनं तुजं डोस्कं बगितलं आनि माज्या काळजाचं पाणी झालं. आजा गेला तवा आमच्या आजीचं असंच केलं व्हतं. त्यात तुज्या कपाळाला कुंकू न्हाई."

"न्हायलेय आत्ता. लावते की."

"माजी जीभ झडो."

"झडू दे नंतर. आदी च्या घे," तुळजा म्हणाली आणि पुन्हा हसली.

झिलू हसला नाही. तो नारळ उचलून पिशवीत ठेवायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. संध्याकाळी बायजा गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "केस वाढंपत्तूर पदर घेऊन बसत जा. मी जित्ता असताना माज्या दारात रडं नको."

तुळजाला त्यात वावगं वाटलं नाही. माणूस चिडला असेल, आपलं मरण आपल्या कानानं ऐकणं कुणाला आवडेल, असं ती मनात म्हणाली आणि तिनं पदर घेतला.

*

तुळजाचे केस हा सगळ्या पंचक्रोशीत बोलायचा विषय होता, असं म्हटलं तर ते फार होईल. पण वाडीत होता. केस गुडघ्याच्या खाली जायचे. आईनं तिला लहानपणीच शिकवलं होतं, त्या पद्धतीनं ती ते मानेच्या जरा एका बाजूला, डाव्या कानामागे घट्ट गुंडाळून खोपा बांधायची आणि भोवती अबोलीचा वळेसर माळायची. वाडीतल्या जुन्या बायका सगळ्याच तसं बांधत. पण त्यांचा खोपा लिंबाएवढा, आणि तुळजाचा पपनसाएवढा. खांद्यावर गाठ मारलेलं तांबडं लुगडं, आणि वर तो खोपा. ती चालायला लागली की त्या वजनानं मान आपोआप ताठ राहायची. लोकांना तो तोरा वाटे.

सहा वर्षांपूर्वी गणेशगुडीच्या अलीकडे, काळी नदीच्या काठाला एक रिसॉर्ट झालं. तुळजा तिथं स्वयंपाकघरात कणगरं, मुडली असले कंद विकायला गेली होती. पाहुण्यांतल्या एका बाईनं तिला थांबवलं, मागं वळायला सांगितलं आणि फोटो काढला. मॅनेजर प्रशांत ते बघत उभा होता. प्रशांत रामनगरचा, मूळ खानापूरकडचा, बोलायला गोड. तो म्हणाला, "अक्का, उद्यापासनं कंद ऱ्हाऊ देत. तुमी नुसतं फाटकात उभं ऱ्हावा."

तेव्हापासून ती फाटकात उभी राहिली. जीप आली की पाहुण्यांना कुंकू लावायचं, हातात फूल द्यायचं, कोकमाचं सरबत पुढं करायचं. काम एवढंच. पण त्या कामानं काय काय बदललं हे तिचं तिलाच ठाऊक. आधी जंगलात चेकनाक्यावरचा गार्ड विचारायचा, "ए बाई, काय नेतीस टोपलीत? दाखव." तोच आता म्हणायचा, "अक्का, चाललात काय?" बसमध्ये लोक सरकून जागा देत. मोठमोठ्या शहरांतल्या बायका तिच्या पाया पडत आणि तिला अवघडल्यासारखं होई. मुख्य रस्त्याच्या वळणावर रिसॉर्टचा भला मोठा बोर्ड लागला, त्यावर तिचाच फोटो. पाठमोरा. नुसता खोपा, अबोली आणि एक कान. वाडीतली पोरं म्हणत, "काकी, तुजं तोंड कुठं हाय?" ती म्हणे, "तोंड पलीकडच्या बाजूला. जाऊन बगा."

मुलाला, विनोदला, नदीवर राफ्ट चालवायचं काम तिथंच मिळालं. सून आली, मनीषा. एकोणीस वर्षांची पोर, घाबरट, केस खांद्यापर्यंत आणि तेही पातळ. तुळजा रोज संध्याकाळी तिला पुढ्यात घेऊन तेल लावायची. "उंदराची शेपटी हाय ही," ती म्हणायची. मनीषा हसायची. "तुमचं द्या की थोडं, आत्ती." "मागून घे. मागितलं तर काय न्हाई म्हंते व्हय मी?" असं त्यांचं चालायचं. खोपा कसा बांधायचा हे तुळजानं तिला दाखवलं होतं, पण मनीषाच्या केसांचा काही खोपा होत नसे.

यंदा श्रावणात तुळजाला ताप आला. जोयड्याच्या दवाखान्यात बारा दिवस काढले. घरी आल्यावर फणी फिरवली की केसांचा पुंजका हातात यायचा. आठ दिवस तिनं बघितलं. मग एका सकाळी तिनं राहिलेल्या केसांची वेणी घातली, दोन्हीकडून दोऱ्यानं आवळली आणि मनीषाच्या हातात कात्री दिली.

"काप."

"आत्ती, मला न्हाई जमायचं."

"वेणी हाय तवर काप. न्हाईतर सगळं गळून उकिरड्यावर जाईल. याचं गंगावन करून घेऊ. माज्याच केसाचं गंगावन मला, त्यात लाज कसली?"

मनीषानं डोळे मिटून कात्री चालवली. तुळजाला मान एकदम हलकी झाल्यासारखी वाटली, इतकी हलकी की तोल जाईल म्हणून तिनं भिंत धरली. वेणी तिनं जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली.

प्रशांत बघायला आला होता, सफरचंदं घेऊन. पावसाळ्यात रिसॉर्ट बंदच असतं. तिच्या डोक्याकडे त्यानं एकदा बघितलं आणि मग बोलताना छपराकडेच बघत राहिला. "पाऊस संपला की फाटक तुमचंच, अक्का. तुमच्याबिगर उघडायचं न्हाई," असं तो म्हणाला. गंगावनाचंही तुळजानं त्याला सांगितलं. "मग तर काळजीच न्हाई," तो म्हणाला.

रामनगरला एक पार्लरवाली गंगावनं करून देते, असं मनीषानं शोधून काढलं. वेणी घेऊन तीच बसनं गेली.

*

मधले दोन महिने तुळजा जे शिकली ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

बसमध्ये ती दारापाशी उभी होती, ओले केस वाळावेत म्हणून पदर खाली घेतलेला, खांद्यावर पंचा. कंडक्टर मागून म्हणाला, "ओ मामा, सरका की म्होरं." ती वळली. तो ओशाळला, पण 'अक्का' म्हणाला नाही. तिकीट देऊन पुढं गेला.

नवरात्रात देवळात बायका एकमेकींना कुंकू लावत होत्या. ताट तिच्यापर्यंत आलं आणि ताटवालीचा अंगठा हवेत थांबला. ओळखीची बाई होती, सगळं ठाऊक असलेली. तरी तिनं एकदा बाहेर बघितलं. झिलू पुरुषांत बसलेला दिसला, मग तिनं कुंकू टेकवलं. तुळजानं मान खाली घातली. चूक त्या बाईची नव्हती, तिनं स्वतःला समजावलं. डोळे जे बघतात त्याला हात काय करणार.

चेकनाक्यावर गार्डनं पुन्हा टोपली उघडायला लावली.

या सगळ्यात तिला एकच आधार होता. घरी मनीषा होती आणि गंगावन व्हायचं होतं. सीझन सुरू व्हायच्या आत ते आलं की सगळं जिथल्या तिथं बसेल.

"झालं काय गं?" ती विचारायची.

"अजून न्हाई, आत्ती. ती बाई गोव्याला लग्नाला गेलीया."

"अजून लग्नातच?"

"आल्यावर आजारी पडली म्हनं."

"तिचं केस तरी ऱ्हायल्यात का बग," तुळजा म्हणायची. मनीषा खाली मान घालून भाकरी थापायची. ती आजकाल फार बोलत नव्हती. तुळजाला वाटलं, पोरीला दिवस गेलेत की काय. तिनं झिलूला तसं सांगितलंसुद्धा. झिलू म्हणाला, "असंल, असंल," आणि उठून गेला.

*

दिवाळी झाली. चौथ्या दिवशी मनीषा पहाटेच आवरून बचत गटाच्या मीटिंगला म्हणून निघाली. डोक्यावरून शाल घेतली होती. थंडी होती, म्हणून तुळजाला काही वाटलं नाही. झिलू म्हणाला, "तू आज वरच्या शेताकडं जा. माकडं भात नासून टाकालीत."

"जाते. आदी रिसॉर्टकडं जाऊन येते."

"कशाला?"

"आज उघडणार म्हनून विनोद बोलला. परशांतला सांगून येते, आनि आठ दिस थांब म्हनून. गंगावन आलं की उभी ऱ्हाते."

"नको जाऊस," झिलू म्हणाला. "असल्या डोस्क्यानं कुठं जातीस पयल्या दिवशी?"

ते तिला लागलं. लागलं म्हणूनच ती निघाली.

वाडीतून रिसॉर्टपर्यंत जंगलातून पाऊण तासाची वाट. फाटकाच्या अलीकडे बांबूचं बेट आहे. तिथं पोचली तेव्हा दोन जीपा नुकत्याच येऊन थांबल्या होत्या. फाटकात कुणीतरी उभं होतं. तांबडं लुगडं, खांद्यावर गाठ, डाव्या कानामागे मोठा खोपा, भोवती अबोली.

पहिल्यांदा तिला वाटलं, ती मीच. हे सांगायला खुळेपणाचं वाटेल, पण क्षणभर तिला खरंच तसं वाटलं. ती स्वतःला कधी मागून बघू शकली नव्हती, बोर्डावर सोडून. मग ती बाई कुंकवासाठी वळली आणि मनीषाचं तोंड दिसलं.

केस कुणाचे हे विचारायची गरज नव्हती. टोकाला उन्हानं तांबूस झालेले. आणि वळेसराच्या खालून एक पांढरी बट डोकावत होती. लहानपणी उकळतं पाणी सांडून कानामागे भाजलं होतं, तिथली ती बट. सहा वर्षं ती रोज फुलांखाली झाकायची. मनीषाला नीट झाकता आली नव्हती. चोवीस वर्षांच्या पोरीच्या खोप्यात पांढरी बट, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. खोप्याच्या वजनानं मनीषाची मानही ताठ झाली होती. घाबरट पोर ती, पण आता कशी उभी होती!

जीपमधून उतरलेली पुण्याची एक बाई म्हणाली, "अय्या, किती सुंदर! खरे आहेत का गं?"

"व्हय," मनीषा म्हणाली. "माजंच हायत."

बाईनं हात जोडले. तिच्या नवऱ्यानं मागून फोटो घेतला.

बांबूआडून तुळजा पुढं आली. पदर केव्हाच खांद्यावर उतरला होता. तो वर घ्यायचं तिच्या ध्यानात आलं नाही. पुण्याच्या बाईनं तिच्याकडे बघितलं आणि पर्स दुसऱ्या हातात घेतली. प्रशांत लगबगीनं आला. पाहुण्यांना त्यानं आत धाडलं आणि तुळजाला बाजूला घेतलं.

"अक्का, मागच्या दारानं यायचं न्हाई का?"

मागच्या दाराचं तिला काही कळलं नाही. "आठ दिस थांब म्हनून सांगायला आलेली मी," ती म्हणाली.

प्रशांतनं मनीषाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तुमास्नी घरातनं कोन काय बोललं न्हाई? अवो, झिलूमामाच घेऊन आलते हिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. विनोद बी व्हता. मला वाटलं तुमचं ठरवूनच झालंय. मी विचारलं बी, अक्कास्नी चालतंय न्हवं? मामा म्हनाले, तिनंच वेणी दिलीया."

मनीषा फाटकाला चिकटून उभी होती.

"आत्ती, मामंजी म्हनाले..." ती म्हणाली आणि थांबली.

"मागं परसात नारळ खवायला मानूस पायजेच हाय," प्रशांत समजुतीनं म्हणाला. "बसून काम. उन्हात उभं ऱ्हायाचं न्हाई. केस वाढले की बगू."

आणखी एक जीप हॉर्न देत आली. प्रशांतनं तुळजाच्या कोपराला हात लावून तिला रस्त्यातून बाजूला केलं. जोरात नव्हे, पण वाटेतली बादली बाजूला करावी तसं. "मनीषाक्का, सरबत," तो म्हणाला.

तुळजा आल्या वाटेनं परतली.

*

झिलू पडवीत बसून बांबूच्या कांबी तासत होता. तिच्या तोंडाकडे बघताच त्याला कळलं. तासणं त्यानं थांबवलं नाही.

"बगून आलीस," तो म्हणाला.

"व्हय."

"आता वरडू नकोस. नीट ऐक. तुज्या केसाला दोन वरसं लागणार. तवर परशांतनं दुसऱ्याची पोरगी उभी केली असती. मग गेली ती जागा. घरातली जागा घरात ऱ्हायली, यात काय वंगाळ केलं मी?"

तुळजा उंबऱ्यावर बसली. वरडायचं तिच्या मनातच नव्हतं. झिलू बोलला त्यात खोटं काही नव्हतं, हेच सगळ्यात वाईट होतं. त्यानं विचार करून, घराचं भलं बघून केलं होतं. विनोदला ठाऊक होतं. मनीषाला ठाऊक होतं. प्रशांतला ठाऊक होतं. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत घरातले सगळे तिच्या हातचं जेवत होते आणि ती त्यांना पार्लरवालीचा ताप उतरला का म्हणून विचारत होती.

"मला का न्हाई बोलला?"

"बोललो असतो तर दिली असतीस?"

"दिली असती," तुळजा म्हणाली.

झिलूची कोयती थांबली.

"मागितलं असतं तर दिली असती. माज्या हातानं बांधून दिला असता खोपा. फाटकापत्तूर सोडून आले असते तिला."

त्यानं हळू आवाजात विचारलं, "मग आता काय बिगडलं?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. पस्तीस वर्षं या माणसाबरोबर काढली होती आणि तो खरंच विचारत होता. त्याला खरंच कळत नव्हतं. ती उठून चुलीकडे गेली.

संध्याकाळी मनीषा आली. दारातच उभी राहिली. खोपा एका बाजूला कलला होता, अबोली सुकली होती.

"आत्ती, मी न्हाई म्हनत व्हते. मामंजी म्हनाले, सांगितलंस तर आत्ती हाय खाईल. हळूहळू सांगू म्हनाले."

तुळजानं तिला बसायला खूण केली आणि मागं बसून एकेक आकडा काढला. पार्लरवालीनं काम चांगलं केलं होतं, शिवण कुठं दिसत नव्हती. शेवटचा आकडा निघाला तशी सगळी वेणी सुटून तिच्या मांडीवर पडली. मनीषा मान चोळत रडत होती.

"पाच वरसं झाली तुला या घरात," तुळजा म्हणाली. "मला तू कधी खोटं बोलली नव्हतीस."

"चुकलं माजं, आत्ती."

तुळजानं वेणी हातात धरली. जड होती. आपल्या डोक्यावर होती तेव्हा कधी इतकी जड वाटली नव्हती. मग तिनं ती मनीषाच्या हातात दिली.

"रोज तेल लावू नकोस. तोडलेल्या केसाला तेल पचत न्हाई, वास मारतोय. आठ दिसांनी शिकेकाईनं धू. सावलीत वाळव."

"तुमी... तुमी देताय मला?"

"तू तर घेतलीयास की आदीच," तुळजा म्हणाली. आवाजात राग नव्हता. मनीषाला तो असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजा अंगणात बसली होती. पुढ्यात मळलेल्या भाताची रास. पदर कमरेला खोचलेला, डोकं उघडं, कोवळं ऊन थेट टाळूवर. वाटेनं जाणाऱ्या दोघीतिघी थबकून बघून गेल्या. झिलू पडवीतून दोनदा खाकरला. तिनं पदर डोक्यावर घेतला नाही.

आत मनीषा आरशासमोर उभी होती. तांबडं लुगडं नेसून झालं होतं, तोंडात आकडे धरलेले, दोन्ही हात मानेमागे. काल पार्लरवालीनं पहाटे रिसॉर्टवर येऊन बांधून दिला होता. आज तिला स्वतःच बांधायचा होता. गुंडाळलेला खोपा सारखा निसटत होता. फरशीवर एक आकडा पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं दुसरा.

"आत्ती," आतून हाक आली. अगदी बारीक.

रस्त्यावर रिसॉर्टच्या जीपनं हॉर्न दिला. पुन्हा दिला. आत आणखी एक आकडा पडला.

तुळजानं सूप भरून घेतलं, उभी राहिली, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि भात उफणायला लागली. कोंडा उडून तिच्या उघड्या डोक्यावर बसत होता. तिनं तो झटकला नाही.